जनकपूरची गाडी की लंकेची बोट?

समुद्र आणि सरहद्द या दोहोंपासून जे नगर दूर, तेथील माणसाला या दोहोंची ओढ अधिक असावी, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. इंदूर हे असे नगर होय. होळकरांच्या दौलतीत चाकरीसाठी, वकिलीसाठी, शिक्षकीसाठी घाट चढून माळव्यात गेलेली आणि तेथेच रुजलेली मराठी घराणी आजही त्या शहरात आहेत, आणि त्यांतील कित्येकांचे कुलदैवत कोंकणात किंवा गोमंतकात आहे. तेव्हा इंदूरच्या मध्यमवर्गीय घरात सुटीच्या तोंडावर जी चर्चा चालते, ती आमच्या किनाऱ्यावरील वाचकांना परकी वाटण्याचे कारण नाही.

सांप्रत ही चर्चा एका नव्या प्रश्नाभोवती फिरताना दिसते. आठ-दहा दिवसांची सवड आहे, पदरी बेताचा पैसा आहे, व्हिसाच्या खिडकीपुढे तिष्ठत राहण्याची तयारी नाही. तरीही एकदा देशाची वेस ओलांडून पाहावयाची आहे. इंदूरच्या विमानतळावरून २०१९ मध्ये दुबईला पहिले आंतरराष्ट्रीय विमान उडाले हे खरे. परंतु विमानाचे तिकीट सर्वांच्या खिशाला झेपणारे नाही, आणि जमिनीवरून किंवा पाण्यावरून सीमा ओलांडण्यात जे कळते ते ढगांवरून कळत नाही. मग वाटा उरतात दोन. एक आगगाडीची: बिहारमधील जयनगरहून नेपाळातील जनकपूरला. दुसरी बोटीची: तामिळनाडूतील नागपट्टणहून श्रीलंकेतील कांकेसन्तुरैला. एक वाट सीतामाईच्या माहेराची, तर दुसरी लंकेची. रामायण ज्यांच्या कानांवर पाळण्यात पडले त्यांना ही निवड मनोरंजक वाटेल. पण तिच्यात मनोरंजनापलीकडचेही काही आहे.

दोन सीमा, दोन कायदे

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. ‘व्हिसा लागत नाही’ हे वाक्य या दोन्ही देशांविषयी सर्रास उच्चारले जाते; ते खरे मात्र एकाविषयीच आहे. भारत आणि नेपाळ यांच्यात ३१ जुलै १९५० रोजी शांतता व मैत्रीचा तह झाला. त्याच्या सातव्या कलमाने एका देशाच्या नागरिकाला दुसऱ्या देशात वास्तव्य, मालमत्ता, व्यापार आणि संचार यांबाबत समान सवलती दिल्या. या तहाविषयी नेपाळात पुढे पुष्कळ वाद झाले, पण खुली सीमा टिकली. भारतीय नागरिकाला तेथे व्हिसा नाही, आणि पासपोर्टही अनिवार्य नाही. पासपोर्ट नसल्यास निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र जवळ असावे. पंधरा वर्षांखालील मुले आणि पासष्ट वर्षांवरील वृद्ध यांना अन्य ओळखपत्रांची सवलत आहे. परंतु धडधाकट वयाच्या माणसाने केवळ आधारपत्रावर विसंबून निघू नये.

श्रीलंकेची गोष्ट निराळी. तेथे पासपोर्ट हवा आणि निघण्यापूर्वी घेतलेला इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानाही हवा. २०२३ च्या अखेरीस त्या सरकारने भारतीयांसाठी काही महिन्यांपुरते शुल्क माफ केले आणि त्याची बातमी ‘व्हिसा माफ’ अशी पसरली. शुल्क माफ होणे आणि परवानगीच न लागणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली एखाद्या मंत्रिमंडळाची मेहेरबानी असते, ती हंगामाबरोबर येते आणि जाते. दुसरी दोन राष्ट्रांनी एकमेकांस दिलेले वचन असते.

समुद्रमार्गे कागदपत्रांशिवाय परदेशी पाऊल ठेवण्याची एकच जागा आम्हांस ठाऊक आहे, आणि ती म्हणजे कच्चतीवू. १९७४ च्या कराराने हे चिमुकले बेट श्रीलंकेकडे गेले, तेव्हा भारतीय कोळी आणि यात्रेकरू यांना तेथे पूर्वीप्रमाणे जाता येईल, त्यांना प्रवासपत्रे वा व्हिसा लागणार नाही, असे पाचव्या कलमात लिहिले गेले. तेथील संत अंतोनीच्या जत्रेला रामेश्वरहून यात्रेकरूंच्या होड्या जात आल्या आहेत. वर्षातून एकदाच, सरकारी नोंदणी करून, दोन दिवसांपुरत्या; पण जातात. कायद्याने सीमा ओढल्यानंतरही माणसांच्या सवयीला वाट ठेवता येते, याचा हा लहानसा दाखला होय.

आगगाडीची वाट

जनकपूरच्या गाडीचा इतिहास जुना आहे. राणांच्या राजवटीत, १९३७ मध्ये, मुख्यतः जंगलातील लाकूड वाहण्यासाठी हा अरुंद रूळमार्ग घातला गेला आणि लाकूड सरल्यावर त्यावरून माणसे प्रवास करीत राहिली. २०१४ मध्ये तो बंद पडला. भारताच्या अनुदानातून रुंद मार्ग झाला आणि २ एप्रिल २०२२ रोजी दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी जयनगर ते कुर्था हा ३५ किलोमीटरचा टप्पा खुला केला. पुढे बिजलपुरापर्यंतचा आणखी सतरा किलोमीटरांचा टप्पा २०२३ मध्ये नेपाळच्या हवाली झाला. आमच्या वाचकांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. या मार्गावर धावणाऱ्या डिझेल गाड्या चेन्नईच्या कारखान्यात तयार झाल्या, आणि २०२० मध्ये त्या नेपाळला पोचत्या केल्या त्या आपल्या कोंकण रेल्वेने. ज्या रेल्वेची वाट कोंकणाने पिढ्यान्पिढ्या पाहिली, तिने हिमालयाच्या पायथ्याशी शेजाऱ्याला गाडी नेऊन द्यावी, हा योग लहान नव्हे.

इंदूरकराने पाटण्यापर्यंतची थेट गाडी धरावी. ती रोज नसते, आठवड्यातून मोजक्या दिवशी असते. तेव्हा सुटीची आखणी गाडीच्या वारावरून करावी, वाराची आखणी सुटीवरून नव्हे. पाटण्याहून गंगा ओलांडून दरभंगा, मधुबनी आणि जयनगर. आज ही गंगा पुलावरून ओलांडली जाते. परंतु १९८२ मध्ये गांधी सेतू होईपर्यंत पाटण्याच्या महेंद्रू घाटावरून पहलेजा घाटापर्यंत रेल्वेच्याच आगबोटी प्रवाशांना उतरवून देत असत. म्हणजे गाडी की बोट हा प्रश्न तेव्हा नव्हताच. गाडीच्या तिकिटात बोट सामावलेली होती.

जनकपूरला जानकी मंदिर आहे. त्याच्या भव्य घुमट-कमानींमागे काशी किंवा काठमांडू नाही, तर मध्य भारत आहे. टीकमगडची राणी वृषभानु कुंवर हिने ते विसाव्या शतकाच्या आरंभी बांधविले, आणि खर्चाच्या आकड्यावरून लोक त्याला नौलखा म्हणू लागले. माळवा आणि बुंदेलखंड ही आज एकाच राज्याची अंगे. अहिल्याबाईंनी काशी, गया, सोमनाथ, रामेश्वर अशी धर्मकृत्यांची साखळी राज्याच्या सीमा न पाहता ओवली. त्यानंतर शतकभराने त्याच प्रदेशातील दुसऱ्या एका राणीने देशाबाहेर मंदिर उभारले. तेव्हा इंदूरचा प्रवासी जनकपूरला उतरतो तो अगदीच परक्या ठिकाणी उतरत नाही. मार्गशीर्ष शुद्ध पंचमीला तेथे विवाहपंचमीचा उत्सव असतो. मात्र पौषाच्या सुमारास बिहारच्या मैदानात धुके दाटते आणि गाड्या तासन्‌तास रखडतात, हे ध्यानात ठेवूनच बेत करावा. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे असते. आपला एक रुपया म्हणजे तेथील एक रुपया साठ पैसे, हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. जवळ शंभरपर्यंतच्या नोटा ठेवाव्यात. मोठ्या नोटांचे नियम वारंवार बदलत आले आहेत.

बोटीची वाट

लंकेच्या वाटेचा इतिहास याहून रोमहर्षक आणि याहून दुःखद आहे. १९१४ मध्ये पांबनचा पूल झाला आणि मद्रासहून निघालेला प्रवासी एकाच तिकिटावर धनुष्कोडीपर्यंत गाडीने, तेथून तलैमन्नारपर्यंत बोटीने आणि पुढे पुन्हा गाडीने कोलंबोला जाऊ लागला. हीच ती ‘बोट मेल’. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळाने धनुष्कोडी गाव नकाशावरून पुसून टाकले. प्रवाशांनी भरलेली एक गाडी लाटांनी रुळांवरून उचलून नेली. तिच्यातील कोणीही वाचले नाही. पुढे रामेश्वरहून बोट चालू राहिली, पण १९८० च्या दशकात लंकेतील यादवीने तीही थांबविली.

जवळजवळ चार दशकांनी, १४ ऑक्टोबर २०२३ रोजी, नागपट्टणहून कांकेसन्तुरैला ‘चेरियापाणी’ ही दीडशे प्रवाशांची बोट निघाली. तिकीट होते ७,६७० रुपयांचे. गाजावाजा पुष्कळ झाला; आणि एका आठवड्याच्या आतच ईशान्य मोसमी पावसामुळे सेवा बंद झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘शिवगंगै’ ही बोट खासगी चालकाने सुरू केली. तीही पावसाळ्यात थांबते आणि समुद्र निवळला की पुन्हा निघते. प्रवास सुमारे चार तासांचा. पलीकडे जाफनाचा प्रदेश, नल्लूरचे स्कंदाचे देऊळ आणि कीरिमलैचे शिवक्षेत्र आहे. शिवाय यादवीत उखडलेली आणि भारताच्या साहाय्याने २०१५ पर्यंत पुन्हा कांकेसन्तुरैपर्यंत आणलेली आगगाडीही आहे. म्हणजे उतरल्यावर कोलंबोकडे जाण्याची सोय आहे.

येथे आमच्या किनाऱ्यावरील वाचकाची एक सवय त्याला फसवील. आपला समुद्र ज्येष्ठात खवळतो आणि नारळी पौर्णिमेला आपण त्याला नारळ अर्पण करून होड्या लोटतो. चोळमंडळाच्या किनाऱ्याचे पंचांग उलटे आहे. तेथे खरा पाऊस आणि खरी वादळे आश्विन-कार्तिकापासून मार्गशीर्षापर्यंत. म्हणजे आपल्याकडे शाळांना दिवाळीची सुटी लागते तेव्हाच तेथील बोट बंद असण्याचा संभव सर्वांत अधिक. दिवाळीच्या सुटीत बोटीने लंकेला जाण्याचा बेत इंदूरच्या एखाद्या कुटुंबाने केला, तर नागपट्टणच्या धक्क्यावरूनच परत फिरण्याची पाळी येईल. ही वाट माघ-फाल्गुनात किंवा उन्हाळ्याच्या सुटीत धरावी.

अंतराचाही हिशेब आहे. इंदूरहून दक्षिणेस जाणारी, अहिल्याबाईंचेच नाव धारण करणारी अहिल्यानगरी एक्सप्रेस चेन्नईवरून जाते, पण ती आठवड्यातून एकदाच. दीड दिवस चेन्नईपर्यंत, पुढे सुमारे तीनशे किलोमीटर नागपट्टण, मग बोट. जाण्यायेण्यातच सहा दिवस सरले, तर आठ दिवसांच्या सुटीत पाहावयाचे काय आणि केव्हा?

निवड कशी करावी

यावरून आमचे मत वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. सवड आठ दिवसांची असेल, घरातील एखाद्याजवळही पासपोर्ट नसेल, बरोबर वडीलधारी मंडळी आणि मुले असतील, तर गाडीच निवडावी. सवड पंधरा दिवसांची असेल, पासपोर्ट तयार असेल, ऋतू अनुकूल असेल आणि बेत दोन दिवस लांबला तरी नोकरीवर गदा येणार नसेल, तर बोट अवश्य निवडावी. कारण समुद्र ओलांडून परक्या किनाऱ्याला लागण्याचा अनुभव कोणतीही आगगाडी देऊ शकत नाही.

गाडी सुरक्षित आणि बोट धोक्याची, हे मात्र आमचे म्हणणे नाही. आमच्या किनाऱ्याला १७ जुलै १९४७ चा दिवस विसरता येणे शक्य नाही. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ त्या दिवशी बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. परवा परवा, १८ डिसेंबर २०२४ रोजी, घारापुरीस निघालेल्या बोटीला मुंबई बंदरातच अपघात झाला. परंतु २० नोव्हेंबर २०१६ च्या पहाटे पुखरायां येथे जी गाडी रुळांवरून घसरली आणि जिने दीडशेच्या आसपास बळी घेतले, ती इंदूरहून पाटण्यालाच निघालेली गाडी होती. धोका वाहनात नसतो. तो न ऐकलेल्या इशाऱ्यात, न तपासलेल्या रुळांत आणि मोजणीबाहेर चढविलेल्या माणसांत असतो.

खरा भेद दुसराच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत तरुणांच्या उद्रेकाने सरकार कोसळले, तेव्हा सीमेवरील ये-जा काही दिवस विस्कळीत झाली. मार्च २०२० मध्ये महामारीने ती पूर्ण बंद केली होती. खुली सीमाही बंद होते, हे त्यावरून दिसले. परंतु नित्याच्या दिवसांत जनकपूरची गाडी रद्द झाली तर बस आहे, रिक्षा आहे, आणि काहीच नसले तर सीमा पायी ओलांडता येते. कांकेसन्तुरैची बोट रद्द झाली तर प्रवाशापुढे पाण्यावाचून काही उरत नाही. जमिनीवर गाडी ही एक सोय असते. समुद्रावर मात्र बोट हीच वाट असते. म्हणूनच बोटीचे वेळापत्रक हा केवळ व्यापाराचा विषय होऊ शकत नाही. दीडशे आसनांच्या एका बोटीवर दोन राष्ट्रांचा संबंध टांगून ठेवावयाचा आणि ती तोट्यात गेली की हळहळावयाचे, हे धोरण नव्हे.

हे सांगण्याचा अधिकार आमच्या किनाऱ्याला आहे. मुंबईत पोटासाठी राहणारा गोमंतकीय आपल्या गावी जाई तेव्हा त्यालाही हीच निवड करावी लागे: आगबोटीने पणजी, की लोंढा-कॅसलरॉकवरून मुरगावची आगगाडी? वाट कोणतीही असो, आपल्याच आईला भेटावयास जाताना परक्या सत्तेच्या जकातदाराला पेटी उघडून दाखवावी लागे. १९५५ मध्ये ती आगगाडीही थांबली. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला गोव्याच्या सीमेवर जे निःशस्त्र सत्याग्रही पुढे सरसावले, त्यांत माळव्यातले लोक होते. उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ गोळीला बळी पडले; सागरच्या सहोदराबाई राय जखमी झाल्या. ज्यांचा समुद्राशी संबंध नाही अशा मुलखातील माणसांनी समुद्रकाठची एक खोटी सीमा पुसण्यासाठी रक्त सांडले. १९ डिसेंबर १९६१ ला ती सीमा पुसली गेली. पुढे आगबोटीचे काय झाले ते आपण पाहिलेच. किनाऱ्याची बोट रस्त्यापुढे हरली, कोणी तिला वाचविले नाही, आणि विजयदुर्गापासून मालवणापर्यंतचे धक्के सुने पडले. १९९८ मध्ये कोंकण रेल्वे सबंध धावू लागेपर्यंत मधली वर्षे आपण एस.टी.च्या बाकावर काढली. बंद पडलेली जलवाहतूक पुन्हा उभी राहणे किती दुष्कर असते, हे आपणांस कोणी शिकविण्याची गरज नाही.

तेव्हा सरकारला आमचे सांगणे दोन शब्दांचे आहे. जयनगरच्या मार्गाचा उरलेला बर्दिबासपर्यंतचा टप्पा रखडू देऊ नये. आणि लंकेच्या बोटीला ऋतुमानाप्रमाणे आगाऊ जाहीर होणारे, पाळले जाणारे वेळापत्रक आणि परवडणारे भाडे द्यावे, त्यासाठी तिजोरीला थोडी झळ लागली तरी हरकत नाही. पांबनचा नवा पूल एप्रिल २०२५ मध्ये खुला झाला आहे. गाडी पुन्हा रामेश्वरपर्यंत पोचली आहे. समोर तलैमन्नार तीस-पस्तीस किलोमीटरांवर आहे. त्या पाण्यात आजही तामिळ कोळी सीमारेषा ओलांडल्याच्या आरोपावरून पकडला जातो आणि त्याची होडी जप्त होते. तिकीट काढून जाणाऱ्या प्रवाशांची नियमित ये-जा त्या समुद्रात वाढली, तर त्या कोळ्याचा प्रश्न आपोआप सुटेल असे नव्हे. पण दोन्ही तीरांवरची माणसे एकमेकांना केवळ गस्तीनौकेच्या दुर्बिणीतून पाहणार नाहीत, एवढे तरी होईल.

आणि वाचकांना, विशेषतः इंदूरच्या आपल्या बांधवांना, सांगणे असे की या वाटा वापरल्या तरच राहतील. व्हिसाविना ओलांडता येणारी सीमा ही आजच्या जगात दुर्मिळ वस्तू झाली आहे. ती तहाने मिळते, पण टिकते ती तिच्यावरून सतत जाणाऱ्या-येणाऱ्या साध्यासुध्या माणसांमुळे. यंदाच्या सुटीत मतदार ओळखपत्र खिशात घालून जनकपूरला जावे. परत येताच पासपोर्टचा अर्ज भरावा, आणि पुढच्या माघ-फाल्गुनात नागपट्टणचा धक्का गाठावा.